आधी विचारा, मग निघा : युगांडाच्या मिशन ट्रिपविषयी पास्टोरेट कमिटीस खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व सभासद यांस,

ख्रिस्तामध्ये सलाम.

गेल्या रविवारी उपासनेनंतर सूचना वाचताना सेक्रेटरींनी जाहीर केले की, येत्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्या मंडळीतले २२ जण १२ दिवसांसाठी पूर्व युगांडातील तेसो भागातल्या एका खेड्यात मिशन ट्रिपला जाणार आहेत, विमानाची तिकिटे काढून झाली आहेत, आणि ज्यांना औषधे, जुने कपडे किंवा मुलांसाठी खाऊ द्यायचा असेल त्यांनी तो पुढच्या रविवारपर्यंत चर्चच्या ऑफिसात आणून द्यावा. टाळ्या झाल्या. मी बाकावर बसून होते, माझ्याकडून टाळी वाजली नाही. या ट्रिपच्या तयारीविषयी मी जूनमध्ये कमिटीला चार पानांचे टिपण दिले होते आणि ऑगस्टमध्ये त्याची आठवणही करून दिली होती. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता उघडपणे लिहिते आहे. हे पत्र जसे कमिटीसाठी आहे तसेच ते ज्यांची मुले या गटात आहेत त्या आईवडिलांसाठी आहे, आणि अशाच ट्रिपा आखणाऱ्या इतर मंडळ्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी जाण्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. मी स्वतः गेलेली आहे. परिचारिका म्हणून केलेल्या ३४ वर्षांच्या नोकरीतली दोन वर्षे, २०११ ते २०१३, मी तेसोमधल्याच चर्चच्या एका आरोग्य केंद्रात काढली. तिथली नाचणीची भाकरी खाल्ली, आतेसो भाषेत लोकांची विचारपूस करायला शिकले, आणि परत आले तेव्हा दिलेल्यापेक्षा घेतलेले जास्त होते. त्या लोकांकडे आपली माणसे अपुऱ्या तयारीने आणि चुकीच्या वेळी, कोणी न मागितलेले सामान घेऊन निघाली आहेत, हे पाहून मला गप्प बसवत नाही.

दुसरे कारण त्याहून जुने आहे. १९७२ च्या दुष्काळात मी सात वर्षांची होते. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात सुकडी वाटली जायची, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, आणि त्या मदतीवर आमचे घर जगले. ते ऋण मी आजही मानते. एकदा मदत देणाऱ्यांकडचे पाहुणे गावात आले. आम्हा मुलांना जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, ताटली घेऊन भिंतीपाशी उभे केले गेले. माझी मोठी बहीण घाईघाईने माझे केस विंचरायला आली, तेव्हा एका पाहुण्याने हाताने खूण करून तिला थांबवले. पुढे नर्सिंगला असताना जुन्या कागदपत्रांत एक पुस्तिका माझ्या हाती लागली. त्यात ते छायाचित्र होते. फ्रॉकचे एक बटण तुटलेले, केस पिंजारलेले, आणि खाली माझे नाव नव्हते, गावाचे नाव नव्हते, फक्त ‘भुकेले मूल’ अशा अर्थाचे दोन शब्द होते. त्या दिवशी मी जेवलेली होते. आईने सकाळीच मिलोची भाकरी आणि लसणाची चटणी दिली होती, तिच्या हाताची चव मला अजून आठवते. मदत घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे काय असते ते मला ठाऊक आहे, आणि आपल्या मंडळीतल्या निम्म्या घरांना आजी-आजोबांकडून ते ठाऊक असायला हवे.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली तक्रार अशी की, त्या गावाला काय हवे आहे हे कोणी विचारलेलेच नाही. ‘तिथल्या पाळकांनी या म्हटले आहे,’ असे मला सांगण्यात आले. ते म्हणणारच. तेसोमध्ये दारी आलेल्या पाहुण्याला कोंबडी कापल्याशिवाय जाऊ देत नाहीत, मग घरात दुसऱ्या दिवसाला काही असो वा नसो. पण ‘या’ म्हणणे वेगळे आणि ‘२२ जण या, शाळेचे वर्ग रंगवा, शिबिर भरवा’ असे म्हणणे वेगळे. तुम्ही पाठवलेल्या पत्रात कामांची यादी आपणच केली होती आणि खाली फक्त संमती मागितली होती. एका माणसाला दिवसाला वीस लिटर पाणी धरले, तरी या गटासाठी रोज पिवळ्या जेरीकॅनचे बावीस कॅन पाणी लागेल. ते हापशावरून डोक्यावर कोण आणणार, याचा विचार कमिटीच्या कोणत्याही बैठकीत झाला का? मी तिथे राहिलेली आहे म्हणून सांगते, बाया आणि शाळकरी मुली आणतील आणि एका शब्दाने बोलणार नाहीत.

तारखाही आपल्या सोयीने ठरल्या. आपल्याला दिवाळीची सुट्टी आहे, म्हणून नोव्हेंबर. युगांडात शाळेचे तिसरे सत्र डिसेंबरपर्यंत चालते, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच सातवीच्या मुलांची प्राथमिक शाळेची शेवटची सरकारी परीक्षा असते. तिच्या निकालावर पुढच्या शाळेचा प्रवेश ठरतो. आपल्याकडे दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत बाहेरगावची २२ माणसे रंगाचे डबे घेऊन शाळेत शिरली आणि मधल्या सुट्टीत गाणी शिकवू लागली, तर मुख्याध्यापक काय म्हणतील? तिथले मुख्याध्यापक पाहुण्यांना तसे म्हणणार नाहीत, एवढाच फरक आहे. शिवाय ते दुसऱ्या पावसाचे दिवस. मातीच्या रस्त्यावर गाडी रुतली की तिला ढकलायलाही गावच येते. आणि रंगकाम करणारे कारागीर तिथे आहेत, त्यांना कामही हवे आहे.

या न विचारण्यामागे एक समजूत आहे, ती मला जास्त बोचते. आपण जणू कोऱ्या जागी सुवार्ता घेऊन चाललो आहोत, असे ट्रिपसाठी काढलेल्या पत्रकातल्या भाषेवरून वाटते. युगांडात पहिले अँग्लिकन मिशनरी १८७७ मध्ये पोहोचले आणि कॅथलिक धर्मगुरू १८७९ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांच्या आत तिथल्या तरुण विश्वासणाऱ्यांनी राजाच्या हुकमापुढे मान न तुकवता मरण पत्करले. ३ जून १८८६ रोजी नामुगोंगो येथे त्यांच्यातल्या अनेकांना जिवंत जाळण्यात आले, आणि दर वर्षी त्या दिवशी लोक शेकडो किलोमीटर पायी चालत तिथे जातात. १९७७ मध्ये आर्चबिशप जनानी लुवुम यांना इदी अमीनच्या राजवटीत ठार मारण्यात आले. ही अशी मंडळी आहे. तिच्याकडे आपण शिकायला गेलो तर शोभेल. रविवारच्या शाळेचा आपला तीन दिवसांचा कार्यक्रम ते नम्रपणे बघून घेतील, पण तिथल्या मदर्स युनियनच्या, म्हणजे चर्चच्या महिला संघटनेच्या, बायांकडून आपल्या महिला मंडळाला काय घेता येईल, यासाठी वेळापत्रकात एक तासही राखलेला नाही.

दुसरी तक्रार वैद्यकीय शिबिराची. याविषयी मी लांबण लावणार आहे, कारण इथे माणसे मरू शकतात.

पत्रकात म्हटले आहे की, गटातले एक डॉक्टर, एक दंतवैद्य आणि ‘प्रशिक्षित स्वयंसेवक’ तीन दिवसांत हजार रुग्ण तपासतील. हे स्वयंसेवक म्हणजे आपल्या तरुण संघातली मुले आहेत, आणि त्यांचे प्रशिक्षण म्हणजे एका शनिवारी दोन तास रक्तदाब मोजायला शिकवणे. युगांडात बाहेरच्या डॉक्टरला रुग्ण तपासायचे असतील तर तिथल्या वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी करावी लागते, परिचारिकांसाठी वेगळी परिषद आहे, आणि औषधे देशात आणण्यावर राष्ट्रीय औषध प्राधिकरणाचे नियंत्रण आहे. यांपैकी एकही अर्ज केलेला नाही, हे डॉक्टरांनी स्वतः मला सांगितले. उद्या युगांडातले २२ जण बॅगा भरून गोळ्या घेऊन आपल्या तालुक्यात उतरले आणि झाडाखाली टेबल मांडून बसले, तर आपण पोलिसांना बोलावू.

ऑफिसातली खोकी मी पाहून आले. अर्धवट वापरलेल्या पट्ट्या, लेबल फाटलेल्या खोकल्याच्या बाटल्या, दोन महिन्यांत मुदत संपणारी प्रतिजैविके. दान केलेली औषधे पोहोचल्यावर त्यांची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, आणि एकदा रुग्णाला दिलेली औषधे परत घेऊन पुढे दान करू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ती १९९६ पासून आहेत. आपल्या घरात जे आपण मुलाला देणार नाही, ते खोक्यात कसे गेले?

२०१२ मध्ये आमच्या केंद्राजवळच्या चर्चच्या आवारात परदेशी पाहुण्यांचे असे एक शिबिर झाले. त्याची बातमी आठवडाभर आधी पसरली होती. त्यामुळे एक आई ताप आलेल्या मुलाला दोन दिवस घरी ठेवून शिबिराची वाट पाहत राहिली. एरवी ती पहिल्या संध्याकाळी आमच्याकडे आली असती. तिथल्या मलेरियाने लहान मूल एका दिवसात बेशुद्ध होते. आम्ही ते वाचवले, पण थोडक्यात वाचवले. त्याच शिबिरात एका पन्नाशीच्या बाईला महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या मिळाल्या. महिना संपल्यावर ती रिकामी पट्टी घेऊन माझ्याकडे आली. तसल्या गोळ्या आमच्याकडे नव्हत्या. आमच्या गोळ्या तिला हलक्या वाटल्या, कारण त्या पाहुण्यांच्या नव्हत्या. मी तिला तीनदा समजावले, घरी गेले, मुलाला सांगितले. सहा महिन्यांनी तिची उजवी बाजू गेली. तिचे नाव शिबिराच्या कोणत्याही वहीत नव्हते, कारण वही पाहुण्यांबरोबर निघून गेली होती.

त्या गावाजवळ आरोग्य केंद्र आहे. युगांडात सरकारी आणि चर्चची केंद्रे दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या श्रेणीची असतात. तिसऱ्या श्रेणीच्या केंद्रात क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टरच्या खालोखाल रुग्ण तपासणारा प्रशिक्षित कर्मचारी), परिचारिका, सुईण आणि छोटी प्रयोगशाळा असते, बाळंतपणे होतात. गावात गावानेच निवडलेले आरोग्य स्वयंसेवक असतात, आपल्या आशाताईंसारखे, आणि अनेक जिल्ह्यांत ते पाच वर्षांखालच्या मुलांची मलेरियाची तपासणी करून औषधही देतात. अडचण माणसांच्या ज्ञानाची नसते. औषधांचा साठा संपतो, पगार उशिरा होतो, रात्री दिवा नसतो. या तीन गोष्टींपैकी कशाला आपली ट्रिप हात लावते?

आणि जिंजा शहरातली घटना कमिटीने माहीत करून घ्यावी. अमेरिकेतून आलेल्या एका तरुण स्त्रीने, वैद्यकीय शिक्षण नसताना, श्रद्धेच्या बळावर कुपोषित मुलांचे केंद्र चालवले. तिथे दाखल झालेली शंभराहून अधिक मुले काही वर्षांत दगावली. २०१९ मध्ये दोन माता न्यायालयात गेल्या, आणि पुढच्या वर्षी दोष मान्य न करता तडजोडीने ते प्रकरण मिटले. त्या मुली-मुलांतली कितीतरी आधीच अत्यवस्थ होती, हेही खरे. पण ज्याला स्वतःच्या देशात सलाइन लावायची परवानगी नाही त्याला युगांडात ती का असावी, हा प्रश्न युगांडातल्या लोकांनी तेव्हा जगासमोर ठेवला, आणि तो आपल्यालाही लागू आहे.

तिसरी तक्रार आपल्याच माणसांच्या जिवाची. गटात १८ वर्षांखालची सहा मुले आणि साठीपुढचे तीन ज्येष्ठ आहेत. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस अधिकृत केंद्रांतच मिळते, तिच्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, आणि प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरले जाते. ते नसेल तर परत येताना आपलेच विमानतळ अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलग ठेवू शकतात. ही जिवंत विषाणूची लस आहे, साठीपुढच्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती विचारपूर्वकच देतात, म्हणून त्या तिघांना आधी डॉक्टरांशी बोलायला हवे. आजपर्यंत २२ पैकी चौघांनीच लस घेतली आहे.

मलेरियाबद्दल तर ‘आपल्याकडेही असतो की,’ असे मला ऐकवण्यात आले. पुण्यात वाढलेल्या मुलाच्या अंगात तेसोच्या मलेरियाविरुद्ध काहीही नसते. तिथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, मेंदूवर जाणारा. प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही घ्याव्या लागतात. डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे, आणि नेमकी तीच लोक घरी आल्याबरोबर सोडतात. परतल्यानंतर कित्येक आठवड्यांनी ताप आला तरी डॉक्टरला ‘मी युगांडाला गेलो होतो’ हे पहिले वाक्य सांगायचे असते, हे कोणी या मुलांना सांगितले आहे का? तळ्यात पोहायचे नाही, कारण गोगलगाईंतून येणारा बिल्हार्झियाचा जंतू त्वचेतून शिरतो. रात्री गाडीने प्रवास करायचा नाही. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बसायचे नाही. प्रवासविमा आजारी माणसाला कंपालापर्यंत आणि गरज पडल्यास मायदेशी आणणारा हवा. यातले काहीच पत्रकात नाही. टी-शर्टचा रंग मात्र ठरला आहे.

मुलांना आणखी एका गोष्टीची तयारी हवी. तिथे आपल्याला ‘मुयिंडी’, म्हणजे भारतीय, अशी हाक ऐकू येईल, आणि त्या शब्दामागे इतिहास आहे. रेल्वे बांधायला नेलेले मजूर, मग दुकानदार, कंपाला आणि एन्टेबेच्या कचेऱ्यांत काम करणारे गोव्याचे ख्रिस्ती, आणि मग १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत देऊन केलेली हकालपट्टी. आमच्या गावात सुकडी वाटली जात होती त्याच वर्षी तिकडे ही कुटुंबे एकेक सूटकेस घेऊन विमानतळावर उभी होती. म्हाताऱ्या माणसांना भारतीय दुकानदार आठवतात, काहींना प्रेमाने, काहींना अपमानाने. हे ठाऊक नसलेला मुलगा तिथे बोलता बोलता नकळत कोणाला दुखवून येईल.

चौथी तक्रार मुलांच्या सुरक्षिततेची आणि छायाचित्रांची. आपल्या रविवारच्या शाळेत एकही शिक्षक मुलासोबत एकटा थांबणार नाही, हा नियम आपण केला, आणि पॉक्सो कायदा समजावून घेतला. तिथल्या मुलांसाठी मात्र असा कोणताही लेखी नियम नाही. उलट प्रत्येक स्वयंसेवकाने ‘एका मुलाशी खास नाते जोडावे’ असे पत्रकात लिहिले आहे. थोड्या दिवसांनी तो जाणार आणि मूल रस्त्याकडे बघत राहणार. मी अशी मुले पाहिली आहेत, पुढच्या प्रत्येक पाहुण्याच्या हाताला लोंबकळणारी. छायाचित्रांबद्दल मी वर सांगितले आहे, त्यात भर घालत नाही. ज्याचे काढायचे त्याला किंवा त्याच्या आईला विचारा, नाव लिहा, आणि तिने केस विंचरायला वेळ मागितला तर थांबा.

पाचवी तक्रार बोअरवेलची, आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आपण गावात नवी बोअर घेऊन तिच्यावर मंडळीच्या नावाची संगमरवरी पाटी लावणार आहोत. त्या गावात चर्चजवळ हापसा आहे. तो बंद आहे. मी तिथे होते तेव्हा आमच्या केंद्राचा हापसाही असाच सहा आठवडे बंद होता. मग एक मेकॅनिक सायकलवर पाने आणि वायसर घेऊन आला. दोघा-तिघांनी मिळून तीन-तीन मीटरचे जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप एकामागून एक वर ओढले. ते गंजून चाळणी झाले होते, हात लावला की तांबडी पूड हाताला लागत होती, कारण तिथले पाणी अनेक ठिकाणी आम्लयुक्त असते आणि लोखंड खाते. नवे पाइप, नवे वायसर, साखळीला ग्रीस, आणि संध्याकाळी पाणी आले. मी तो हापसा बघत उभी राहिले. लांब दांडा, चौकोनी डोके, आत साखळी. आमच्या गावच्या वेशीवरचाच हापसा होता तो.

आणि खरोखरच तो आपला आहे. आपल्या दुष्काळांत खेड्यांत बसवलेले जुने बिडाचे पंप एका घरापुरते बनवलेले होते, अख्खे गाव त्यावर हापसायला लागले की मोडायचे, आणि १९७० च्या दशकात पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य बंद सापडले. त्याआधीच जालन्याच्या मिशनच्या पाण्याच्या कामात एक दणकट पंप तयार झाला होता, मग सोलापूरचा पंप आला, आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क टू घडला. युगांडात त्याचेच रूप यू-टू नावाने बसवतात. मराठवाड्याच्या आणि सोलापूरच्या मातीत ख्रिस्ती कामातून निघालेली एक वस्तू आज तिकडच्या गावांना पाणी देते, आणि आपल्या कमिटीतल्या कोणालाही ते माहीत नाही, याचे मला वाईट वाटते. त्या पंपाने आपल्याला हेच शिकवले होते की पंप बसवणे सोपे, तो चालू ठेवणे अवघड. त्यासाठी गावाची पाणी समिती लागते, थोडी वर्गणी लागते, सुटे भाग लागतात आणि हाकेच्या अंतरावर मेकॅनिक लागतो. नव्या बोअरच्या खर्चात तसे कितीतरी बंद हापसे न गंजणाऱ्या पाइपांसह सुरू होतील. पाटी लावायला मात्र जागा मिळणार नाही.

पैशांविषयी थोडक्यात. पत्रकाप्रमाणे माणशी खर्च १ लाख ६० हजार रुपये आहे, म्हणजे एकूण ३५ लाख २० हजार. त्यातून गावासाठी वेगळे काढलेले २ लाख आहेत. जुन्या कपड्यांच्या गोण्यांचे तर विमानभाडेच कपड्यांपेक्षा जास्त होईल. जुन्या कपड्यांचे बाजार युगांडात गावोगाव भरतात, त्यांना मिवुंबा म्हणतात, आणि तिथे कपड्यांचा तुटवडा नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, ट्रिप नोव्हेंबरमध्ये न नेता जानेवारीत न्यावी, जेव्हा तिथे शाळांना सुट्टी आणि कोरडा हंगाम असतो. त्याआधी तिथल्या पॅरिश कौन्सिलने (म्हणजे तिथल्या मंडळीच्या कमिटीने), मदर्स युनियनने आणि आरोग्य केंद्राने त्यांना काय हवे, काय नको, हे त्यांच्या शब्दांत कळवावे, आणि ते पत्र मंडळीत वाचून दाखवावे. ‘येऊ नका, पाइपांचे पैसे पाठवा,’ असे उत्तर आले तर तेही वाचून दाखवावे आणि पाळावे.

दोन, गट सहा जणांचा असावा, आणि त्यात अल्पवयीन मुले नसावीत.

तीन, शिबिर रद्द करावे. आपल्या डॉक्टरांना तिथल्या परिषदेची नोंदणी मिळाली तर त्यांनी केंद्रात, क्लिनिकल ऑफिसरच्या हाताखाली, केंद्राच्या वहीत नोंद करून काम करावे. औषधे इथून नेऊ नयेत. केंद्राकडून यादी घ्यावी आणि कंपालातल्या जॉइंट मेडिकल स्टोअरमधून खरेदी करावी. तिथल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वैद्यकीय संस्थांनी मिळून १९७९ मध्ये ते भांडार याचसाठी उभे केले आहे.

चार, पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेचे काम चालते की वेगळा परवाना लागतो, हे दिल्लीतल्या युगांडाच्या उच्चायुक्तालयाकडून लेखी विचारून घ्यावे.

पाच, बालसुरक्षेचा आणि छायाचित्रांचा लेखी नियम करून प्रत्येकाची सही घ्यावी.

सहा, नवी बोअर आणि पाटी रद्द करून तो पैसा गावच्या पाणी समितीमार्फत दुरुस्तीला आणि दोन तरुणांना, त्यात एक मुलगी असावी, पंप दुरुस्तीचे शिक्षण द्यायला वापरावा. ट्रिपचा पै-पैचा हिशेब सूचना फलकावर लावावा.

सात, गट लहान केल्याने जे पैसे वाचतील त्यातून त्या पॅरिशमधल्या दोघांना आपल्याकडे बोलवावे. त्यांनी आपल्या घरी राहावे, आपल्याला शिकवावे, आणि जालना-सोलापूरला जाऊन यावे.

तिकिटांच्या तारखा बदलल्या तर पैसे जातील, काही तिकिटे बुडतीलही, हे मला कळते. त्या नुकसानीसाठी माझ्या पेन्शनमधून ५० हजार रुपये मी आजच खजिनदारांकडे देते आहे. मुलांचा हिरमोड होईल, त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. त्यांचा उत्साह खरा आहे, आणि त्या उत्साहावर माझा राग नाही. त्यांच्यापैकी दोघींनी नर्सिंगला जाण्याचे ठरवले आहे आणि त्या पुढे माझ्यापेक्षा चांगले काम करतील.

कमिटीची बैठक येत्या शुक्रवारी आहे. मला तिथे अर्धा तास द्यावा. निर्णय काहीही झाला तरी ज्यांना जायचेच आहे त्यांनी पुढचे सहा शनिवार संध्याकाळी ४ वाजता माझ्या घरी यावे. लसीकरणाचे कार्ड, सध्या चालू असलेल्या औषधांची यादी आणि एक वही सोबत आणावी. पहिल्या शनिवारी आतेसोमध्ये नमस्कार कसा करायचा आणि आभार कसे मानायचे ते शिकवीन. ‘योगा’ आणि ‘एयालामा’ हे दोन शब्द आतापासून म्हणून पाहायला हरकत नाही.

प्रभूच्या सेवेत,
आपल्याच मंडळीतील एक बहीण,
निवृत्त परिचारिका, पुणे